माझ्या नवऱ्याचा वकील

घर एकट्या ह्यांच्या नावावर आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. घेतलं तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरी नाही, लोन ह्यांच्या पगारावर. पुढे मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळालं, लोन फिटलं, मुलगी शिकून क्युपर्टिनोला गेली, पण त्या कागदावर माझं नाव घालायचं राहूनच गेलं. मी विषय काढला की हे म्हणायचे, "मी गेल्यावर सगळं तुझंच आहे, घाई कसली?" मी म्हणायचे, "शुभ बोला." झालं, विषय संपला. आपल्याकडे नवराबायकोने मरणाबद्दल एवढंच बोलायची पद्धत आहे.

माणूस जाण्याच्या आधी त्याचं डोकं जाऊ शकतं, हे आमच्या दोघांच्याही हिशेबात नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टने स्कॅन दाखवून ते समजावलं तेव्हा हे माझ्या शेजारी बसून मान डोलावत होते. कोणा तिऱ्हाइताबद्दल ऐकावं तसे ऐकत होते. घरी आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर हुशार वाटला."

मुलीने मला फोनवर सरळ सांगितलं. "आई, लिसन. बाबांना समजतंय तोवर पेपर्स साइन करून घे. घर दोघांच्या नावावर, आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी तुझ्याकडे. नंतर त्यांची सही चालणार नाही. मग तुला कोर्टात जाऊन बाबांची गार्डियन व्हावं लागेल, अँड सम जज विल डिसाइड अबाउट युवर हाउस." ती मराठीत सुरुवात करते आणि जड भाग आला की इंग्रजीत शिरते. ते शेवटचं वाक्य मला पुढे कित्येक दिवस पुरलं. जन्मभर ज्या घरात पोळ्या लाटल्या, त्याचं काय करायचं हे कोणीतरी काळ्या झग्यातला अनोळखी माणूस ठरवणार, ह्या विचाराने माझं डोकं फिरायचं. मी लगेच एका वकीलबाईची अपॉइंटमेंट घेतली.

पण ह्यांच्या डोक्यात तोवर दुसराच एक वकील येऊन बसला होता. त्याची गोष्ट आधी सांगायला हवी.

आमचं गाव अमेरिकेत, बॉस्टनपासून तासाभरावर, श्रूजबरीच्या पलीकडे. एक पांढरं चर्च, एक लायब्ररी, एक जुनं कब्रस्तान, आणि ह्या तिन्हींची काळजी वाहणारं गावाचं इतिहास मंडळ. मंडळात सगळी म्हातारी माणसं. दर वर्षी पानं रंगायला लागली की हे लोक कब्रस्तानात एक फेरी काढतात. मंडळाचा एकेक सभासद जुने कपडे घालून एकेका थडग्यापाशी उभा राहतो आणि त्या मेलेल्या माणसाची हकीकत 'मी' म्हणून सांगतो. मी अमुक, माझा जन्म इथला, मी असा जगलो आणि असा मेलो. बाकीचं गाव हातात सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या रसाचे, कप घेऊन ऐकत हिंडतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे ह्याला अंगात येणं म्हणतात आणि ते उतरवायला माणूस बोलवावा लागतो. इथे त्याला तिकीट लावतात.

हे रिटायर झाल्यावर त्या मंडळात जायला लागले. मंडळाची अध्यक्ष म्हणजे ऐंशीच्या घरातली एक ताठ गोरी बाई. मी तिला मनातल्या मनात आजी म्हणते. तिला एका थडग्यासाठी मोठ्या आवाजाचा माणूस हवा होता, कारण पूर्वीचा माणूस थंडीला कंटाळून फ्लोरिडाला निघून गेला होता. ह्यांनी पुण्यात कॉलेजात असताना एकांकिका गाजवल्या होत्या. लगेच हात वर केला. मी म्हटलं, "अहो, तो दाढीवाला गोरा आणि तुम्ही पेठेतले. लोक हसतील." तर म्हणाले, "हसू देत. त्याला थोडंच कळणार आहे?"

तो म्हणजे ह्या गावचा एक जुना वकील, जो पुढे राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेला. आमच्या घरात त्याचं नाव 'आमदार' पडलं.

आमदाराची गोष्ट अशी. शेतकऱ्याचा मुलगा, शाळा थोडीच झालेली. गावातल्या एका वकिलाच्या ऑफिसात पडेल ते काम करता करता त्याचीच पुस्तकं वाचून कायदा शिकला. तेव्हा तसं चालायचं. आवाज मोठा, बोलणं धारदार. आसपासच्या गावांतले जमिनीचे तंटे त्याच्याकडे यायला लागले. मग एक केस आली. एका शेतकऱ्याची विधवा घरात एकटी राहत होती आणि तिच्या दिराला ते घर हवं होतं. त्या काळच्या कायद्यात बाईच्या बाजूने फारसं काही नव्हतं. नवरा गेला की जे थोडंथोडकं वाट्याला येईल ते, तेही वापरापुरतं. दिराने आमदाराला वकील धरलं. आमदार केस जिंकला आणि बाई ऐन थंडीत घराबाहेर पडली. गरिबांना ठेवायची गावाची एक जागा होती, तिथे गेली आणि बर्फ वितळायच्या आत वारली. आमदाराला कोणी बोल लावला नाही, कारण त्याने कायद्याबाहेर काहीच केलं नव्हतं. पण त्याने आपण होऊन वकिली सोडली, निवडणुकीला उभा राहिला, बॉस्टनला गेला आणि दर वर्षी एकच विधेयक मांडत राहिला, की नवरा मेला तरी बाईला तिच्या राहत्या घरातून काढता येऊ नये. दर वर्षी लोक हसायचे. त्याला बायको नव्हती, त्यावरूनही हसायचे. शेवटी पुष्कळ काटछाट होऊन ते पास झालं. पुढे एकदा वॉशिंग्टनलाही निवडून गेला, तिथे फारसं बोलला नाही, आणि परत येऊन इथेच वारला. दगडावर नावाखाली 'विधिमंडळाचा सभासद' एवढंच कोरलंय. वकील हा शब्द नको, असं त्याने बजावून ठेवलं होतं म्हणे.

सुरुवातीला ही सगळी गंमत होती. हे आंघोळ करतानाही आमदाराचं भाषण म्हणायचे, आणि मी बाहेरून ओरडायचे, "आमदारसाहेब, पाणी संपेल." लांब काळा कोट घातला की हे खरंच रुबाबदार दिसायचे. लोक टाळ्या वाजवायचे. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आजार आल्यावर मात्र एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. हे गॅस विसरले, गाडीची किल्ली विसरले, मुलीला फोन लावून 'कोण बोलतंय' म्हणून तिलाच विचारायला लागले. पण आमदार शाबूत राहिला. कुठूनही सुरू करा, पुढचं वाक्य तयार. डॉक्टर म्हणाले, तालीम केलेल्या गोष्टी टिकतात, चांगलं आहे, चालू ठेवा. म्हणून मी चालू ठेवलं. माझ्याशी बोलताना हे दर चार शब्दांनी अडायचे, पाचवा शब्द शोधत खिडकीकडे बघत बसायचे. आमदार अडत नव्हता. मला त्याचा राग यायला लागला, हे मी सरळच सांगते. घरातला सगळा दाणागोटा खाऊन माजलेल्या पाहुण्याचा यावा, तसा.

सप्टेंबरात एका दुपारी आजीने थडग्यापाशी तालीम घेतली. मी बाकावर बसले होते. विधवेचा भाग आला. आजीने लिहून दिलेलं वाक्य होतं, 'ती बाई गेली आणि मी माझी फी घेतली.' हे तिथे थांबले आणि आमदार म्हणून कागदात नव्हतं ते पुढे बोलायला लागले. ती गेल्यावर मी घर बघायला आत गेलो. चूल अजून कोमट होती. जमीन स्वच्छ झाडलेली होती. तिने जायच्या आधी माझ्यासाठी घर झाडून ठेवलं होतं.

आजीने हातातला कागद खाली केला. "हे सुंदर आहे. कुठे वाचलंस?" हे म्हणाले, "वाचलं नाही." आजीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिने नंतर मंडळाच्या कपाटात होतं नव्हतं ते सगळं चाळलं आणि मला फोन केला की असं आमच्याकडे कुठेच नाही. मी म्हटलं, नाटकातला माणूस आहे, घातलं असेल पदरचं. फोन ठेवला आणि मग मला भीती वाटली. ज्या माणसाला काल काय खाल्लं ते आठवत नव्हतं, त्याला पदरचं घालायला पदर कुठे उरला होता?

ह्याच सुमारास वकीलबाईची तारीख जवळ आली, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. पुण्याहून वन्संचा फोन. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. मी बोलता बोलता सांगून बसले की मंगळवारी सह्या आहेत. त्या म्हणाल्या, "मंगळवारी? अगं, पितृपक्ष चालू होतोय. पक्षपंधरवड्यात घरादाराचे कागद करतात का कोणी? नवरात्र बसलं की कर." मी म्हटलं, वन्सं, आजार पंचांग बघून वाढत नाही. त्या म्हणाल्या, त्याला फोन दे.

जन्मात ज्यांनी मुहूर्त पाहिला नाही, लग्नात गुरुजींशी वाद घातला, ते हे फोन कानाला लावून 'हो ताई, हो ताई' करत होते. बहिणीचा आवाज आतवर पोचत असावा. आता फार कमी आवाज पोचायचे. फोन ठेवून मला म्हणाले, "ताई सांगते ते बरोबर आहे. पक्ष संपू दे." मी चिडले. म्हटलं, तुमच्या पूर्वजांना माझं नाव घरावर लागलेलं बघवत नाही का? पण ह्यांच्या इच्छेविरुद्ध हाताला धरून सहीला नेलं तर ती सही कसली? मी वकीलबाईला फोन केला. तिने घटस्थापनेनंतरची तारीख दिली. का पुढे ढकलताय, हे तिने विचारलं नाही आणि मला ते इंग्रजीत सांगताही आलं नसतं.

तो पंधरवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक.

एका सकाळी चहा झाल्यावर मी किचनमध्ये झाडू फिरवायला घेतला. हे टेबलापाशी बसले होते. म्हणाले, "थांब. लगेच केर काढू नकोस."

"का?"

"ती आत्ताच गेलीय. फार लांब पोचली नसेल."

मी झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. दारातून कोणी बाहेर पडलं की त्याच्या पाठीमागे लगेच केर काढायचा नसतो, हे माझ्या सासूबाईंचं. ह्यांनी ते लहानपणापासून ऐकलेलं. पण गेलेली बाई सासूबाई नव्हती. "कोण गेलं?" मी विचारलं. ह्यांनी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. दार उघडं होतं. ते मी उघडलेलं नव्हतं. आता ह्यात भूतबीत काही नाही. ह्यांनीच उघडलं असणार, आणि विसरले असणार. सकाळची उन्हं फरशीवर आली होती, सगळं नेहमीसारखं होतं. तरी मी तो झाडू कोपऱ्यात ठेवून दिला आणि त्या दिवशी आमच्याकडे केर निघाला नाही.

दोन दिवसांनी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेलो. आमदाराचं ऑफिस त्याच इमारतीत होतं म्हणतात. हे पुढच्या दाराने आलेच नाहीत. बाजूला जाऊन भिंतीला हात लावून उभे राहिले, चाचपडत. मी म्हटलं, "अहो, दार इकडे आहे." हे इंग्रजीत म्हणाले, "माझं दार इथे आहे." घरात माझ्याशी हे कधी इंग्रजी बोलायचे नाहीत. मी जवळ जाऊन पाहिलं तर तेवढ्या भागातल्या विटा जरा वेगळ्या रंगाच्या होत्या. आजीला विचारलं. ती म्हणाली, "जुन्या इमारतींत दारं बुजवतातच, त्यात काय." मीही म्हटलं, त्यात काय. दोघी बायका एकमेकींना समजावत होतो.

सर्वपित्रीच्या आदल्या शनिवारी फेरी होती. मुलगी म्हणाली कॅन्सल कर. मी नाही केली. हे त्या दिवसाची वाट बघत होते, आणि ह्यांनी कशाचीही वाट बघणं आता दुर्मिळ झालं होतं. दुपारचं ऊन चांगलं होतं. रस्त्याने कोणाकोणाच्या अंगणात हॅलोविनचे प्लॅस्टिकचे सांगाडे खुर्च्यांवर बसायला लागले होते. मी मनात म्हटलं, इकडच्यांचाही पक्ष आणि आमचाही. नैवेद्य तेवढा कोणी दाखवत नाही.

हे बोलले ते आजवरचं सगळ्यात चांगलं. गर्दी जवळ सरकून ऐकत होती.  झाडलेल्या जमिनीचा भाग आला तेव्हा एक बाई डोळे पुसत होती. शेवटी टाळ्या झाल्या, लोक पुढच्या थडग्याकडे गेले, आणि हे तिथेच उभे राहिले. आजीने कोट मागितला. दिला नाही. मी म्हटलं, चला आता, थंडी वाजेल. हे माझ्यामागून आले, पण माझ्याकडे बघून नाही. 

घरी आलो. मी दार उघडून आत गेले, चपला काढल्या, वळून बघते तर हे उंबऱ्याबाहेर. टोपी हातात.

"या ना आत," मी म्हटलं.

"आपली परवानगी असेल तर," हे इंग्रजीत म्हणाले.

मी हसायचा प्रयत्न केला. हे आत आले, भिंतीकडे, छताकडे बघत. मुलीच्या शाळेतल्या फोटोकडे बघत. मग विचारलं, "हे घर कोणाचं?"

"तुमचं."

"कागदावर?"

"हो. कागदावर तुमचं."

"म्हणजे तुमचं नाही," हे म्हणाले आणि मान हलवली. "मॅडम, हे बरं नाही. मी अशी घरं पाहिली आहेत."

 मी सोफ्यावर बसले. ह्या माणसाशी मी जन्मभर संसार केला, कितीदा हा विषय काढला, आणि ह्याने कधी मला पुरतं ऐकून घेतलं नाही. आज तो माझंच म्हणणं मला सांगत होता, आणि मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. मला रडू आलं. हे समोरच्या खुर्चीत सरळ बसून राहिले, परक्या बाईच्या रडण्याकडे बघू नये म्हणून नजर बाजूला करून.

संध्याकाळपर्यंत हे परत आले. म्हणजे कोट काढला, टीव्ही लावला, मला 'अगं' म्हणाले. पण मला कळून चुकलं की आता हे जाऊन येऊन असणार आणि कधीतरी येणार नाहीत. सहीच्या दिवशी कोण असेल, एवढाच प्रश्न उरला. हे असायला हवे होते. आमदार आला आणि वकीलबाईने नाव विचारल्यावर त्याने स्वतःचं सांगितलं, तर संपलंच, पुढे कोर्ट. मी नवरात्र बसवलं, घट मांडले, माळ घातली, आणि देवीकडे आरोग्य मागितलं नाही. म्हटलं, बाई, एक सकाळ दे.

अपॉइंटमेंटच्या दिवशी मी ह्यांना स्वतः दाढी करून दिली. काळा कोट मी मुद्दाम आजीकडे पोचवून आले होते. ह्यांना निळा स्वेटर घातला. गाडीत मी सारखी विचारत होते, तुमचं नाव काय? मी कोण? हे वैतागून म्हणाले, "शाळेत घेऊन चाललीस का मला?" मला इतका आनंद झाला की सिग्नल हिरवा झालेला कळला नाही.

वकीलबाईचं ऑफिस डेंटिस्टच्या शेजारी. ती चाळिशीची, शांत. तिने आधी ह्यांना एकट्याला आत नेलं. तसा नियम असतो, बायकोने पढवलेलं नको म्हणून. मी बाहेर बसले. काचेतून ह्यांची पाठ दिसत होती. सुरुवातीला खांदे पडलेले होते आणि डोकं खाली. ती काहीतरी विचारत होती, हे गप्प. पुन्हा विचारत होती, हे गप्प. मी उठून उभी राहिले. मला दार उघडून सांगावंसं वाटत होतं की जरा थांबा, शब्द यायला वेळ लागतो, येतील. तेवढ्यात ह्यांची पाठ सरळ झाली. मान वर आली. एक हात टेबलावर आला. आणि बंद दारातूनही मला आवाज ऐकू आला, शब्द नाही, पण तो मोठा, न अडणारा आवाज.

 मी म्हटलं, गेलं. सगळं गेलं.

बऱ्याच वेळाने तिने मला आत बोलावलं. दोन साक्षीदार आले, तिच्याच ऑफिसातले. माझ्यासमोर तिने ह्यांना पुन्हा विचारलं. आपलं नाव? ह्यांनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं, आमदाराचं नव्हे. आज इथे काय करताय? हे म्हणाले, "मी माझ्या पत्नीचं नाव माझ्या घरावर लावतोय, आणि माझ्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार तिला देतोय. माझी स्मृती जाते आहे. ती पुरती गेल्यावर माझ्या पत्नीला कोणाच्या दारात उभं राहावं लागू नये." कोणी हे तुमच्यावर लादलंय का? "नाही. उशीर मात्र माझ्यामुळे झाला."

वकीलबाई माझ्याकडे बघून म्हणाली की धडधाकट माणसंसुद्धा तिला इतकं नीट सांगत नाहीत. तिने पेन पुढे केलं. हे पेन हातात घेऊन जरा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग हळूहळू, पहिलं अक्षर दोनदा गिरवत, सही केली. ती ह्यांचीच सही होती. वाकडी, कापरी, पण ह्यांची. प्रत्येक पानावर तितकाच वेळ लागला. बोलणं ताडताड आणि हात असा का, हे माझ्या मनात येऊन गेलं, पण मी ते तिथेच सोडलं. शिक्का बसला. मी टिश्यूच्या डब्यातले सगळे टिश्यू संपवले.

बाहेर पार्किंगमध्ये आलो. मी गाडीचं दार उघडलं. हे आत बसले नाहीत. दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे राहिले.

"मॅडम, आपलं काम झालं," हे इंग्रजीत म्हणाले. "आता त्या घरातून आपल्याला कोणी काढू शकणार नाही."

मी दाराला धरून उभी होते. ओरडून काही होणार नव्हतं. मी विचारलं, "आत कोण बोललं?"

"मी बोललो. आपल्या मिस्टरांना सगळं समजत होतं, पण शब्द सापडत नव्हते. फार धडपडत होते. म्हणून त्यांच्या वतीने मी उभा राहिलो. ते सांगत होते तेवढंच बोललो, पदरचं काही घातलं नाही. वकिलाचं कामच ते." मग मला दिलासा द्यावा तसं म्हणाले, "सही मात्र त्यांनी स्वतः केली. त्याला मी हात लावला नाही."

समोर डेंटिस्टकडून एक बाई गाल धरून बाहेर पडली, गाडीत बसून निघून गेली. मला इतके दिवस ज्याचा राग येत होता तो माझ्यासमोर उभा होता, आणि मला त्याचे पाय धरावेसे वाटत होते. मी ते केलं नाही. मी विचारलं, "ते कुठे आहेत आता?"

"जवळच आहेत. पण आवाज फार बारीक झालाय."

"मला काही म्हणाले का?"

हे मान तिरकी करून ऐकत राहिले.  चेहऱ्यावर ती जुनी, शब्द शोधायची ओढाताण आली. आणि मग हे मराठीत म्हणाले, "जेवून घेत जा म्हणाले. माझ्यासाठी थांबत जाऊ नकोस."

मी डोळे पुसले, आणि ह्यांना हाताला धरून गाडीत बसवलं, पट्टा लावला.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "उद्यापासून घेईन जेवून. आज थांबते."